नर्सचे नाव कोणाच्या वहीत?

ऑक्टोबर १८५४. क्रायमियाच्या युद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे हाल लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले होते आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना अवघ्या काही दिवसांत नर्स गोळा करून तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयाकडे निघायचे होते. नर्स मिळवायच्या कुठून? लंडनमध्ये तेव्हा नर्स पुरवणाऱ्या दोन नावाजलेल्या संस्था होत्या. एक डेव्हनशायर स्क्वेअरमध्ये, एलिझाबेथ फ्राय यांनी १८४० मध्ये काढलेली. दुसरी १८४८ पासूनची सेंट जॉन्स हाउस. दोघींकडे एकच अट गेली : तिथे पोचल्यावर नर्सवर हुकूम चालेल तो फक्त नाइटिंगेल यांचा, पाठवणाऱ्या संस्थेचा नाही. डेव्हनशायर स्क्वेअरने नकार कळवला. सेंट जॉन्स हाउसनेही आधी आढेवेढे घेतले, मग सहा जणी दिल्या. अखेर अडतीस जणींची तुकडी निघाली. त्यांत कॅथलिक जोगिणी होत्या, अँग्लिकन पंथाच्या भगिनी होत्या आणि इस्पितळांत पगारावर राबलेल्या साध्या बायकाही होत्या.

तात्पुरत्या कामावर गेलेली नर्स कोणाची? तिला पाठवणाऱ्याची, की ती जिथे राबते तिथली? तिच्या चुकीला जबाबदार कोण, आणि तिच्या कामाचे पैसे आधी कोणाच्या हातात पडतात? एजन्सीमार्फत नर्सिंग करण्याच्या प्रथेचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या प्रश्नांभोवती फिरतो. मराठी घरांना हा इतिहास परका वाटायचे कारण नाही. पुण्या-मुंबईत वडिलांचे मोठे ऑपरेशन झाले किंवा आई अंथरुणाला खिळली, की कोणीतरी ब्यूरोचा नंबर देतो. पलीकडून विचारणा होते : बारा तास की चोवीस तास? पेशंट पुरुष की बाई? उचलून बसवावे लागते का? कॅथेटर आहे का, नाकातून नळी आहे का? संध्याकाळपर्यंत सिस्टर दारात उभी असते. तिच्या हातात पडणारे पैसे आणि घरचे लोक मोजतात ते पैसे यांत किती अंतर आहे, हे बहुधा घरच्यांनाही ठाऊक नसते आणि विचारणे बरे दिसत नाही म्हणून कोणी विचारतही नाही. हे अंतर जुने आहे. त्यावर मोठी भांडणे झाली, समित्या बसल्या, कायदे झाले.

संस्था निघण्यापूर्वी नर्स मिळायची ती ओळखीपाळखीतून. डिकन्सने १८४३-४४ मध्ये ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत रंगवलेली सेअरी गॅम्प ही त्या काळच्या लंडनमधली भाडोत्री नर्स. हाय हॉबर्नजवळच्या किंग्जगेट स्ट्रीटवर, पक्षी विकणाऱ्या एका न्हाव्याच्या दुकानावर तिची खोली. बाळंतपण असो, आजारीपण असो की प्रेत आवरायचे असो, लोक रात्री-अपरात्री येऊन तिला हाका मारत. तिची जोडीदारीण बेट्सी प्रिग बार्थोलोम्यू रुग्णालयात नोकरी करायची आणि वर खासगी पेशंटही धरायची. एकाच रुग्णाची दिवसपाळी एकीकडे, रात्रपाळी दुसरीकडे. डिकन्सने दोघींना दारुड्या आणि बेपर्वा दाखवले आणि पुढे पन्नास वर्षे सुधारकांनी ‘गॅम्प’चा बागुलबुवा उभा करून आपापल्या योजना पुढे रेटल्या. या बायकांवर त्यात अन्यायच झाला. त्यांना कोणी काही शिकवले नव्हते, आजारी पडल्या तर कोणी सांभाळणारे नव्हते, आणि ज्या घरांत कोणी पाऊल टाकायला धजत नसे तिथे त्या रात्र-रात्र जागत. पण रुग्णाच्या बाजूने अडचण खरी होती. दारात आलेल्या बाईला काय येते, हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

एलिझाबेथ फ्राय यांनी त्याचा पहिला मार्ग काढला. तुरुंग सुधारणेसाठी गाजलेल्या या क्वेकर बाई १८४० मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथली फ्लीडनर पाद्रींची संस्था पाहून आल्या आणि लगेच त्यांनी लंडनमध्ये नर्सिंग भगिनींची संस्था उभी केली. निवडलेल्या बायकांना गायज रुग्णालयात थोडे दिवस काम दाखवायचे, मग संस्थेचा गणवेश देऊन लोकांच्या घरी पाठवायचे. नर्सला वार्षिक पगार, राहायला जागा आणि म्हातारपणाचा आधार. घराकडून येणारी फी संस्थेची. हा सौदा त्या काळी वाईट नव्हता. मिळालेल्या पैशांतून गरिबांच्या घरीही नर्स जात असे. पण त्यात पुढच्या सगळ्या तंट्यांचे बी होते. बाईची लायकी संस्था सांगणार, तिची फी संस्था घेणार आणि ती कुठे जाणार हेही संस्थाच ठरवणार. डेव्हनशायर स्क्वेअरने नाइटिंगेल यांना दिलेला नकार या दृष्टीने समजण्यासारखा आहे. आपल्या नावावर पाठवलेली नर्स दुसऱ्याच्या हुकमाखाली गेली, तर तिच्या वागण्याची हमी संस्था कशाच्या जोरावर देणार?

पुढच्या तीस वर्षांत चित्र पालटले. सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा निघाली, तिथे शिकलेल्या मेट्रन गावोगावच्या रुग्णालयांत गेल्या आणि ‘शिकलेली नर्स’ ही मध्यमवर्गाला हवीहवीशी वाटणारी गोष्ट झाली. त्या काळी पैसेवाला माणूस रुग्णालयात दाखल होत नसे. रुग्णालय गरिबांसाठी, श्रीमंताचे ऑपरेशनसुद्धा त्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर व्हायचे. म्हणून नर्स हवी ती घरी. ही मागणी रुग्णालयांच्या ध्यानात आली आणि देणग्यांवर चालणाऱ्या कित्येक मोठ्या रुग्णालयांनी आपल्या नर्स बाहेर पाठवायला सुरुवात केली. घराकडून आठवड्याला साधारण दोन गिनी यायच्या. नर्सला मात्र वर्षाला तीस पौंडांच्या आसपास ठरलेला पगार. वर्षातले चाळीस आठवडे ती बाहेर राहिली तरी रुग्णालयाच्या तिजोरीत ऐंशी-पंच्याऐंशी पौंड जमा व्हायचे.

सर्वांत जास्त गाजला तो लंडन रुग्णालयाचा प्रकार. तिथल्या मेट्रन मिस ल्यूकेस दोन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या कट्टर पुरस्कर्त्या. दोन वर्षे पुरी व्हायच्या आधीच तिथल्या काही उमेदवार मुलींना खासगी घरी धाडले जाते, आणि घरचे लोक पूर्ण शिकलेल्या नर्सची फी मोजून बसतात, असा आरोप झाला. प्रकरण उमरावांच्या सभागृहापर्यंत गेले. लंडनच्या रुग्णालयांची चौकशी करायला १८९० मध्ये निवड समिती बसली आणि नर्स, मेट्रन, डॉक्टर, विश्वस्त एकामागून एक साक्षीला आले. नर्सच्या कामाचे तास, तिचे जेवण, तिची झोपायची खोली, तिच्या फीचा हिशेब हे विषय एखाद्या संसदेपुढे इतक्या बारकाईने यापूर्वी आले नव्हते. तीन वर्षांपेक्षा कमी शिकलेल्या बाईला पूर्ण तयार नर्स म्हणून लोकांपुढे ठेवू नये, असे मत समितीने नोंदवले.

या समितीचे अध्यक्ष होते लॉर्ड सँडहर्स्ट. मुंबईकर हे नाव रोज घेतात. सँडहर्स्ट रोड स्टेशन ज्यांच्या नावाने आहे तेच हे गृहस्थ. १८९५ ते १९०० या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि लंडनच्या नर्सची कैफियत ऐकलेल्या या माणसापुढे अशा शहराचा प्रश्न उभा राहिला, जिथे शिकलेल्या नर्स बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मग इंडिया ऑफिसने विलायतेत नर्स भरती करून प्लेगच्या कामापुरत्या इकडे पाठवल्या. साथ आली की बाहेरून तात्पुरत्या नर्स आणायच्या, ही मुंबईची तऱ्हा तेव्हापासूनची.

लंडनमध्ये समितीच्या साक्षी चालू असतानाच नर्सनी स्वतः एक पाऊल उचलले होते. १८९१ मध्ये न्यू कॅव्हेंडिश स्ट्रीटवर ‘नर्सेस को-ऑपरेशन’ सुरू झाली. नावाप्रमाणे ती सहकारी तत्त्वावर होती. घराकडून येणारी फी नर्सची; त्यातून कचेरीचा खर्च भागवण्यापुरता ठरलेला टक्का कापायचा, बाकी सगळे तिच्या हातात. नाव घालायचे तर रुग्णालयाचे प्रमाणपत्र हवे, मेट्रनचा अभिप्राय हवा. डॉक्टरचा निरोप आला की पाळीतली पुढची नर्स निघायची. आजच्या एजन्सीची सगळी अंगे इथे आहेत : नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, हाताला काम नसलेल्यांची यादी, टक्केवारी. फरक एवढाच की ही वही नर्सच्या हिताची म्हणून उघडली होती. वर्षाला तीस पौंड मिळवणारी बाई आता शंभराच्या घरात जाऊ शकत होती. त्याची दुसरी बाजूही होती. काम नसेल त्या आठवड्यात कमाई नाही, खोलीचे भाडे मात्र चालूच. आजारपण आले की साठवलेल्यावर भागवायचे. पगाराची सुरक्षितता सोडून फीचे स्वातंत्र्य घेणे, ही निवड त्या पिढीतल्या शेकडो बायकांनी डोळे उघडे ठेवून केली.

अमेरिकेत याच सुमारास वेगळा प्रयोग चालू होता. बॉस्टनच्या डॉक्टरांनी आपल्या वैद्यकीय ग्रंथालयात १८७९ मध्येच नर्सची निर्देशिका उघडली होती. ग्रंथपालाकडे नर्सची माहिती आणि तिच्याबद्दलचे अभिप्राय. नाव घालायला नर्सने पैसे भरायचे, नाव मागायला कुटुंबाने. पुढे तिथल्या शहराशहरांत अशा याद्या झाल्या आणि १९२० च्या दशकापर्यंत शिकलेल्या बहुसंख्य अमेरिकन नर्स खासगी कामावर जगत होत्या. १९२९ नंतरच्या मंदीत घरी नर्स ठेवणे लोकांना परवडेना, तेव्हा या याद्यांवरच्या हजारो जणी एकदम बेकार झाल्या.

लंडनच्या गोष्टीतले सर्वांत तडफदार पात्र म्हणजे एथेल बेडफर्ड फेनविक. लग्नाआधीच्या एथेल मॅन्सन वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८८१ मध्ये सेंट बार्थोलोम्यूसारख्या प्राचीन रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या. १८८७ मध्ये लग्नामुळे नोकरी सोडली आणि त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन उभी केली. मागणी एकच : डॉक्टरांची असते तशी नर्सची सरकारी नोंदणी हवी. नाइटिंगेल यांनी तिला ठाम विरोध केला. नर्सचे शील आणि हाताचा गुण परीक्षेने कसा जोखणार, असे त्यांचे म्हणणे. फेनविक यांची बाजू जास्त व्यवहारी होती. उद्या कोणीही बाई गणवेश चढवून घरात शिरेल, तेव्हा त्या घराला आणि खऱ्या नर्सला संरक्षण कोणाचे? त्यांनी १८९४ मध्ये स्वतःची ‘रजिस्टर्ड नर्सेस सोसायटी’ काढून खासगी नर्स पुरवण्याचेही काम केले. नोंदणीचा आग्रह आणि एजन्सीचा व्यवहार एकाच बाईच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदत होते, कारण दोन्हींच्या मुळाशी घरोघरी एकटी जाणारी नर्स होती. रुग्णालयातल्या नर्सची हमी मेट्रन घेते. घरात गेलेल्या नर्सची घेणारे तिथे कोणी नसते.

न्यूझीलंडने १९०१ मध्ये कायदा केला आणि जानेवारी १९०२ मध्ये एलेन डॉहर्टी जगातल्या पहिल्या सरकारी नोंदणीकृत नर्स झाल्या. ब्रिटनला १९१९ उजाडले. महायुद्धात हजारो स्वयंसेवक मुलींनी नर्सचे काम केल्यावर ‘नर्स म्हणजे कोण’ हा प्रश्न टाळता येईनासा झाला होता. १९२१ मध्ये रजिस्टर उघडले, त्यात पहिल्या क्रमांकावर एथेल फेनविक. बत्तीस वर्षांचे भांडण कायद्याने संपले, पण एजन्सीचे दार उघडेच राहिले. रजिस्टरवर नाव नसलेली बाईही ‘नर्स’ म्हणून घरी पाठवता येत होती आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कित्येक ‘को-ऑपरेशन’ तसे करत होत्या. सहकाराचे नाव त्यांनी उचलले, तत्त्व तेवढे सोडून दिले.

ते दार बंद व्हायला दुसरे महायुद्ध यावे लागले. १९४३ च्या नर्सेस अॅक्टने साहाय्यक नर्सची वेगळी यादी केली, ‘नर्स’ हे नाव कोणी लावावे यावर बंधन आणले आणि नर्स पुरवणाऱ्या एजन्सींना परवाना सक्तीचा केला. एजन्सीविषयीच्या या तरतुदी पुढे १९५७ च्या नर्सेस एजन्सीज अॅक्टमध्ये एकत्र आल्या. हा कायदा चार-पाच पानांचा, पण मुद्द्याचा. परवाना स्थानिक कौन्सिल देणार. पाठवायची ती माणसे नोंदणीकृत किंवा यादीतलीच. कोणत्या रुग्णाकडे कोणती नर्स जाईल हे ठरवणार ते नोंदणीकृत नर्स किंवा डॉक्टर यांच्या देखरेखीखाली. मालक नुसता व्यापारी असून चालणार नाही. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, नर्स ज्याच्याकडे जाईल त्याला तिच्या पात्रतेबद्दल लेखी निवेदन दिलेच पाहिजे. सेअरी गॅम्पच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला जे कळायचे नाही, ते आता कागदावर मिळू लागले.

पैशाचा प्रश्न त्याने सुटला नाही. १९४८ नंतर बहुतेक रुग्णालये राष्ट्रीय आरोग्य सेवेची, म्हणजे एनएचएसची झाली आणि एजन्सीचे मोठे गिऱ्हाईक घर न राहता रुग्णालयच झाले. कायम नर्सचा पगार सरकारने दाबून धरायचा, त्या सोडून गेल्या की वॉर्ड चालवायला जास्त पैसे मोजून एजन्सीची नर्स आणायची, असे चक्र फिरत राहिले. २०१४-१५ मध्ये इंग्लंडच्या एनएचएसने एजन्सीच्या माणसांवर, नर्स-डॉक्टर सगळे धरून, ३.३ अब्ज पौंड खर्च केले. त्यानंतर सरकारने दरावर मर्यादा घातली. एप्रिल २०१६ पासून एजन्सीचा दर कायम कर्मचाऱ्याच्या दरापेक्षा ५५ टक्क्यांहून जास्त असू नये, असे ठरले.

आता इकडची गोष्ट. हिंदुस्थानात नर्स पुरवणाऱ्या पहिल्या मोठ्या संस्था गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी काढल्या. दूरच्या जिल्ह्यात कलेक्टरची बायको बाळंत व्हायची असली किंवा इंजिनिअरला विषमज्वर झाला, तर शिकलेली नर्स मिळावी म्हणून १८९२ मध्ये ‘अप-कंट्री नर्सिंग असोसिएशन’ निघाली. तिचाच मोठा अवतार म्हणजे व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी मिंटो यांनी १९०६ मध्ये उभी केलेली ‘इंडियन नर्सिंग असोसिएशन’. नर्सची निवड विलायतेत, शाखा प्रांतोप्रांती, प्रत्येक शाखेवर लेडी सुपरिंटेंडेंट. वर्गणी भरणाऱ्याला नर्स सवलतीत मिळायची. व्यवस्था म्हणून ती उत्तम होती आणि तिच्या वहीत देशातल्या बहुसंख्य लोकांना, रुग्ण म्हणून किंवा नर्स म्हणून, जागा नव्हती.

मुंबई इलाख्यात गोष्टी वेगळ्या वाटेने गेल्या. जे. जे., कामा, सेंट जॉर्ज अशा रुग्णालयांत नर्सिंगचा कारभार बराचसा नर्सिंग असोसिएशन नावाच्या मंडळांकडे असे. धनिकांच्या देणग्या आणि सरकारी अनुदान यांवर ती चालत. या विखुरलेल्या मंडळांना एका सूत्रात आणायला १९०९ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशन झाली. सरकारने कायदा करायच्या पाव शतक आधी इलाख्यातल्या नर्सच्या शिक्षणाला आणि परीक्षेला शिस्त लावायचे काम तिने हाती घेतले. कायदा आला १९३५ मध्ये, नर्स, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा. मुंबईच्या नर्सला तेव्हापासून सरकारमान्य नोंदणी आहे. आज ती नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करते, १९६६ च्या कायद्याने.

या सगळ्यात मराठी बाई कुठे होती? १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत नर्सिंग शिकायला दाखल झाल्या, आणि भारतीय नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून त्यांचेच नाव येते. पण एकटीदुकटीने वाट रुळत नाही. परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, विटाळाची धुणी हाताळायची, रात्री घराबाहेर राहायचे, हे ब्राह्मण-मराठा घरांतल्या विधवेने करावे ही कल्पनाच त्या काळी असह्य होती. ती रमाबाई रानडे यांनी रुजवली. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि १९११ पासून सेवासदनच्या मुली ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. रमाबाईंनी त्यांच्यासाठी वसतिगृह काढले, घरोघर जाऊन नातेवाइकांची समजूत घातली. फ्राय यांनी लंडनमध्ये जे केले तेच इथे वेगळ्या मातीत घडत होते. बाहेर जाणाऱ्या मुलीच्या मागे एका संस्थेचे, खरे तर एका बाईचे नाव उभे राहिले. रानडे हे नाव पाठीशी होते म्हणून त्या मुली ससूनच्या वॉर्डात मान वर करून वावरू शकल्या. महाराष्ट्राने रमाबाईंना शिक्षणासाठी लक्षात ठेवले. नर्सिंगसाठी त्यांचे ऋण त्याहून कमी नाही.

तरीही संख्या तोकडीच राहिली. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये आकडे मांडले तेव्हा सुमारे तीस कोटींच्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० नर्स होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. डॉक्टर ६,३०० माणसांमागे एक होता. नर्सचा अपुरा पगार, राहण्याची दैना आणि समाजातले हलके स्थान यांकडे समितीने स्पष्ट बोट दाखवले होते.

स्वातंत्र्यानंतर खासगी नर्सिंग होम वाढली, एकत्र कुटुंबे फुटली, मुले परगावी-परदेशी गेली आणि शहरांतून ब्यूरो उभे राहिले. त्यांच्या वहीत नाव घालायला येणाऱ्यांत मराठी मुली होत्या, मोठ्या संख्येने केरळच्या होत्या. कोणी नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी ‘स्पेशल ड्यूटी’ करणारी, कोणी मुले लहान म्हणून कायम नोकरी सोडलेली, कोणी निवृत्त. प्रमाणपत्र, कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, अनुभवाचे पत्र, फोटो दिला की नाव चढते. पण त्याच वहीत कौन्सिलचा क्रमांक नसलेल्या, चार महिन्यांचा कसलासा कोर्स केलेल्या मुलीही असतात, आणि गणवेश दोघींचा पांढराच. अशी मुलगी जीव ओतून सेवा करते हे अगदी खरे. पण इन्सुलिनचे युनिट चुकले तर तिच्या मागे कोणी उभे राहत नाही आणि रुग्णाच्या मागेही नाही. १९५७ च्या ब्रिटिश कायद्यासारखा, नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोंपुरता वेगळा कायदा महाराष्ट्रात झालेला नाही.

हे जास्त खुपते, कारण फिरत्या कामगाराचे नाव ठेकेदाराच्या वहीतून काढून घेण्याचा धडा याच राज्याने देशाला दिला. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाची नोंद माथाडी मंडळाकडे झाली; मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार द्यायचा. १९८१ मध्ये त्याच धर्तीवर सुरक्षारक्षकांचे मंडळ झाले. हमाल आणि रखवालदार यांच्यासाठी जे जमले ते रात्रपाळीच्या नर्ससाठी सुचले नाही. नर्स सुशिक्षित, पांढरपेशी आणि बाई. ती कामगार आहे हे मानायला समाज तयार नव्हता, कदाचित ती स्वतःही.

गेल्या दीड दशकात मात्र ती बोलू लागली आहे. २०११ च्या सुमारास मुंबईपासून केरळपर्यंत खासगी रुग्णालयांतल्या नर्स रस्त्यावर आल्या; मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे आणि बाँड लिहून घेणे ही त्यांची मुख्य तक्रार होती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या पगाराचे टप्पे सुचवले : २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, आणि पन्नासच्या आतल्या रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये. ही शिफारस राज्याराज्यांत रेंगाळली. मग मे २०२० मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ६०० खाटांचे कोविड केंद्र उभारताना महाराष्ट्राने केरळला पत्र लिहून ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या. नर्सला महिना ३०,००० रुपये देऊ केले. प्लेगच्या वेळी बोट विलायतेहून आली होती, या वेळी माणसे केरळातून यायची होती.

दोनच वर्षांनी, मे २०२२ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या नर्सनी संप केला. नर्सची पदे बाहेरच्या एजन्सीमार्फत भरण्याचा बेत रद्द करा, ही त्यांची पहिली मागणी होती. कोविडच्या लाटा अंगावर घेतलेल्या या बायका जे. जे. च्या आवारात उन्हात बसल्या, तेव्हा त्यांच्यापुढे स्वतःच्या नोकरीइतकाच पुढे येणाऱ्या मुलींचा प्रश्न होता. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने तर सरकारी कामासाठी माणसे पुरवायला नऊ एजन्सी मुक्रर झाल्या. राज्यभर ओरड झाली आणि २० ऑक्टोबरला तो निर्णय मागे घेत असल्याचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले. कंत्राटी नेमणुका त्यानंतरही थांबलेल्या नाहीत.

एजन्सी असू नये, असे या इतिहासातून निघत नाही. रुग्णाच्या घरी नर्स लागणारच, कोणाला पूर्ण वेळ नोकरी नको असणारच, साथीच्या काळात माणसे इकडून तिकडे न्यावी लागणारच. १८९१ च्या लंडनमधल्या बायकांनी तर एजन्सीचा उपयोग स्वतःच्या सुटकेसाठी केला. महाराष्ट्रात करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत आणि त्यांतली एकही नवी नाही. कौन्सिलचा क्रमांक नसलेल्या बाईला ब्यूरोने नर्स म्हणून पाठवू नये. मदतनीस म्हणून पाठवावे आणि तसे घरच्यांना सांगावे. कोणाकडे कोण जाईल हे ब्यूरोतल्या नोंदणीकृत नर्सने ठरवावे. नर्सबरोबर तिच्या पात्रतेचा आणि ब्यूरोच्या टक्क्याचा कागद घरी जावा, म्हणजे किती मोजले आणि तिला किती पोचले हे दोन्ही बाजूंना कळेल. रात्री आठला पाळी सुरू करून सकाळी आठला लोकलने विरार-बदलापूर गाठणाऱ्या बाईच्या येण्या-जाण्याची आणि आजारपणाची जबाबदारी कोणाची, हे त्या कागदावर लिहिलेले असावे. आणि माथाडी मंडळाच्या नमुन्यावर नर्सचे मंडळ करायचे ठरले, तर त्याची घटना मुंबईतच कपाटात तयार आहे. हमालांनी ती १९६९ मध्ये लढून मिळवली आहे.